मेम्फिसची ती रात्र: शेवटच्या दोन मिनिटांआधीची चाळीस मिनिटं

मार्टिन ल्युथर किंग, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारा पाद्री, म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी फिरतात. एक ते स्वप्नाचं भाषण, १९६३ चं, वॉशिंग्टनमधलं. त्याचं भाषांतर पाठ करून वक्तृत्व स्पर्धेत एखादा तरी पोरगा येतोच (बऱ्याचदा परीक्षक म्हणून बसलोय, त्यामुळे अनुभवानं सांगतो). आणि दुसरी म्हणजे दीड-दोन मिनिटांची एक क्लिप. घामानं डबडबलेला चेहरा, डोळ्यांत पाणी, आणि तो सांगतोय की मी डोंगरमाथ्यावर जाऊन आलोय, पलीकडचा प्रदेश बघितलाय, कदाचित तुमच्यासोबत मी तिथं पोचणार नाही. खाली कॅप्शन ठरलेलं, दुसऱ्याच दिवशी याला गोळी घातली, याला आपलं मरण आधीच दिसलं होतं वगैरे.

ती क्लिप बघून मी पण कितीतरी वेळा गहिवरलोय, खोटं कशाला बोलू. पण एकदा त्या पूर्ण भाषणाचा, म्हणजे ३ एप्रिल १९६८ च्या मेम्फिसमधल्या भाषणाचा ऑडिओ लावला, साधारण ४३ मिनिटांचा, आणि चक्रावलोच. कारण ज्या भाषणाला आपण मृत्यूची चाहूल वगैरे म्हणतो त्याच्या मधोमध हा माणूस लोकांना सांगतोय की अमुक कंपनीचा पाव घेऊ नका, तमुक कंपनीचं दूध घेऊ नका, आणि गावातल्या मोठ्या बँकांतून पैसे काढून आपल्या लोकांच्या बँकेत टाका. म्हटलं हे काय आहे? इतकं रडवणाऱ्या भाषणात पावाचे ब्रँड कशाला? त्या दिवसापासून हे प्रकरण डोक्यात बसलंय आणि आज सगळं नीट मांडून बघतोय, कारण मला वाटतं त्या पावा-दुधाशिवाय शेवटच्या दोन मिनिटांना काही अर्थच उरत नाही.

सुरुवात कचऱ्याच्या गाडीपासून

१ फेब्रुवारी १९६८, गुरुवार. टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर, धो धो पाऊस. कचऱ्याच्या गाडीवरचे दोन कामगार, एकोल कोल, वय ३६, आणि रॉबर्ट वॉकर, वय ३०. पाऊस आला तर आडोशाला उभं राहायची सोय नाही, कारण गोऱ्यांच्या वस्तीत काळे सफाई कामगार कुणाच्या दारात वळचणीला थांबले की तक्रारी जायच्या. पुढे केबिनमध्ये जागा नव्हती. मग दोघं गाडीच्या मागच्या भागात शिरले, जिथं कचरा दाबायचं यंत्र असतं तिथं. गाडी जुनाट, वायरिंग खराब, यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघं कचऱ्यासारखे दाबले गेले. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण झालं ते असंच झालं. या जुन्या गाड्यांबद्दल कामगार आधीपासून बोंबलत होते. नगरपालिकेनं दोन्ही घरांना क्रियाकर्मासाठी ५०० डॉलर आणि एक महिन्याचा पगार दिला, बस. अपघात भरपाई नाही, विमा नाही, कारण त्यांची नोकरी रोजंदारीत धरलेली.

त्याच आठवड्यात अजून एक प्रकार झाला होता. पावसामुळे काम बंद पडलं तेव्हा गटार विभागातल्या काळ्या कामगारांना दोन तासांची मजुरी हातावर ठेवून घरी पाठवलं आणि गोऱ्या सुपरवायझरांना मात्र पूर्ण दिवसाचा पगार. म्हणजे पाऊस दोघांवर सारखाच पडला, पण तो कापला एकाच्याच पगारातून.

काम कसलं होतं तेही बघा. घराच्या मागच्या अंगणातून कचऱ्याचे टब डोक्यावर नाहीतर खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायचे. टब गळके. त्यातलं घाण पाणी अळ्यांसकट मानेवरून अंगात उतरायचं. घरी गेलं की दारातच कपडे काढायचे. तासाला पावणेदोन डॉलरच्या आसपास मजुरी, म्हणजे पूर्णवेळ नोकरी करूनही कितीतरी जणांची घरं सरकारी मदतीवर. युनियन करायचा प्रयत्न १९६३ मध्ये झाला होता, तेव्हा ३३ जणांना घरी बसवलं. १९६६ मध्ये संप करायला गेले तो पण फसला.

१२ फेब्रुवारीला १३०० कामगार कामावर गेलेच नाहीत. मेयर होता हेन्री लोब, तो आधी याच सफाईचं खातं बघायचा, त्यामुळे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याचं म्हणणं एकच, नगरपालिकेच्या कामगारांचा संप बेकायदेशीर आहे, आधी कामावर या मग बोलू. आणि युनियनला मान्यता? शक्यच नाही. गंमत बघा, पगारवाढीपेक्षा त्याला युनियनची मान्यता जास्त टोचत होती. पगारवाढ ही मेहेरबानी म्हणून देता येते, पण मान्यता दिली की समोरच्याला समोर खुर्ची द्यावी लागते.

ती पाटी, आणि मराठीत न येणारी एक गोष्ट

या संपातली पाटी जगभर गाजली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या काळ्या अक्षरात "आय ॲम अ मॅन". मराठीत आपण सरळ "मी माणूस आहे" करतो, आणि चूक नाही त्यात, पण एक पदर सुटतो. अमेरिकेच्या दक्षिणेत काळा माणूस पन्नाशीचा असो, साठीचा असो, गोरा त्याला "बॉय" म्हणूनच हाक मारायचा. चार पोरांचा बाप, आणि त्याला त्याच्या पोराच्या वयाचा सुपरवायझर "ए पोरा" म्हणणार. तर ती पाटी फक्त माणुसकीची नव्हती, ती "मी पोऱ्या नाही, बाप्या आहे, अहो-जाहो कर" अशी पण होती. आपल्याकडे ज्यांच्या आज्याला गावात अरे-तुरे होत होतं त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांना समजावून सांगावं लागतं.

त्या पाटीच्या मागं जो विचार होता तो तिथल्या एका पाद्र्याच्या बोलण्यात आधी आला होता, की वंशद्वेषाच्या मुळाशी ही कल्पना असते की माणूस हा माणूसच नाही. हा पाद्री म्हणजे जेम्स लॉसन. आणि इथं मला थोडं आडवळण घ्यायचंय, कारण ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीतच नाही. हा लॉसन कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला नाही म्हणाला म्हणून तुरुंगात गेला, सुटल्यावर मेथडिस्ट चर्चतर्फे भारतात आला, आणि आला कुठं तर नागपूरला! हिस्लॉप कॉलेजात १९५३ ते ५६ शिकवायला होता, पोरांना खेळ शिकवायचा, आणि सोबत गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. अलाबामातल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय ही बातमी त्यानं नागपूरच्या इंग्रजी पेपरात वाचली आणि म्हणतात की आनंदानं ओरडलाच. परत गेल्यावर १९५७ मध्ये किंगशी भेट झाली, दोघंही २८ वर्षांचे. किंग म्हणाला की शिक्षण संपायची वाट बघू नकोस, आत्ताच दक्षिणेत ये, तुझ्यासारखं आमच्याकडं कुणी नाही. लॉसन गेला, नॅशव्हिलच्या पोरापोरींना मार खाऊन उलट हात न उचलायचं ट्रेनिंग देत बसला. आणि १९६८ मध्ये तो मेम्फिसला पाद्री होता, संपाच्या समितीचा प्रमुख होता, त्यानंच किंगला बोलावलं. म्हणजे ३ एप्रिलच्या भाषणाचं आमंत्रण देणारा माणूस नागपूरच्या धुळीतून गेलेला होता. (लॉसन २०२४ मध्ये वारला, ९५ वर्षांचा होऊन.)

किंग अडकला कसा

किंगला खरं तर मेम्फिसला यायला वेळ नव्हता. तो तेव्हा गरिबांचा मोर्चा वॉशिंग्टनला न्यायच्या तयारीत होता, आणि त्याच्याच लोकांचं म्हणणं होतं की एका गावच्या कचऱ्याच्या संपात कशाला वेळ घालवतोयस. पण १८ मार्चला आला, मेसन टेंपल नावाच्या मोठ्या चर्च सभागृहात ओसंडून गर्दी, भाषणात म्हणाला की सगळ्या श्रमाला प्रतिष्ठा असते, आणि एवढ्या श्रीमंत देशात पूर्णवेळ काम करून उपासमारीचा पगार मिळणं हा गुन्हा आहे. लोक एवढे पेटले की तोही पेटला, म्हणाला मी परत येतो आणि मोर्चा काढू. २२ मार्चची तारीख ठरली तर त्या दिवशी बर्फच बर्फ, शहर ठप्प. मोर्चा गेला २८ तारखेवर.

आणि २८ तारखेला सगळं फिसकटलं. मोर्च्यातल्या काही पोरांनी बील स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांना तेच पाहिजे होतं, लाठ्या, अश्रुधूर, आणि १६ वर्षांचा लॅरी पेन नावाचा पोरगा पोलिसाच्या गोळीनं मेला. किंगला त्याच्या लोकांनी गाडीत कोंबून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पेपरांनी त्याला सोलून काढला, हाच का तुमचा अहिंसेवाला, स्वतः आग लावून पळाला. शहरात कर्फ्यू, नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव सैन्याचे) हजारो सैनिक. आणि तरी दुसऱ्या दिवशी कामगार परत रस्त्यावर, एका बाजूला संगिनी, दुसऱ्या बाजूला चिलखती गाड्या, मधून एका रांगेत चाललेली ती पाट्या घेतलेली माणसं. ते फोटो बघा एकदा, त्यांच्या चेहऱ्यावर राग पण दिसत नाही, नुसता कंटाळलेला निश्चय.

किंगसाठी प्रश्न आता कचऱ्याचा राहिलाच नव्हता. मेम्फिसला शांततेत मोर्चा काढता आला नाही तर वॉशिंग्टनला कोण येऊ देणार? म्हणून ३ एप्रिलला तो परत आला. विमानात बाँब आहे अशी धमकी, त्यामुळे उशीर. उतरल्यावर कळलं की फेडरल कोर्टानं मोर्च्यावर बंदी घातलीय. घसा बसलेला, अंगात कणकण, डोक्यावर हे सगळं, आणि संध्याकाळी वादळाचा इशारा. म्हणाला, मी नाही येत आज, राल्फ तू जा. राल्फ ॲबरनथी म्हणजे त्याचा जिवलग मित्र.

रात्र

ॲबरनथी पोचला आणि बघतो तर अडीच-तीन हजार माणसं. त्या प्रचंड हॉलमध्ये ती थोडीच दिसत होती, पण वादळी पावसात, सगळं झेलून आलेली. कामगार बायकापोरांसकट. आणि सगळ्यांची नजर दाराकडं. मला या प्रकरणात किंगच्या एवढाच ॲबरनथी आवडतो, कारण त्याला कळलं की ही टाळी माझ्यासाठी नाहीये. असा वक्ता दाखवा मला आपल्याकडे, जो हॉल भरलेला बघून म्हणेल की थांबा, दुसऱ्याला बोलावतो! तो फोनपाशी गेला, किंग उतरला होता त्या लॉरेन मोटेलला फोन लावला, म्हणाला हे लोक तुझ्यासाठी आलेत, ये. किंग उठला, ओल्या रात्रीत आला, साडेनवाच्या सुमारास.

हातात कागद नाही. बाहेर विजा, वरच्या खिडक्यांच्या झडपा वाऱ्यानं धाडधाड आपटतायत. सोबतच्या एका पाद्र्यानं नंतर सांगितलं की प्रत्येक धाडेसरशी किंग दचकत होता. दहा वर्षांपूर्वी छातीत सुरी बसलेला, घरावर बाँब पडलेला माणूस आहे, दचकणारच.

आता भाषण. मी हे कीर्तनासारखं ऐकतो, आणि मला वाटतं आपल्या कानाला ते तसंच पोचतं. आधी पूर्वरंग, मग आख्यान, समोरून लोकांचा गजर सतत चालू, "येस सर", "बोला, पुढं बोला". पूर्वरंगात तो म्हणतो की देवानं मला विचारलं, तुला कुठल्या काळात जगायचंय, तर मी इजिप्तवरून जाईन, ग्रीसच्या तत्त्वज्ञांना बघेन, रोम बघेन, लिंकनपाशी येईन, पण कुठंच थांबणार नाही. मी देवाला म्हणेन, मला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली थोडी वर्षं दे, मी खूष आहे. आणि लगेच कबूल करतो की ही मागणी विचित्र आहे, कारण देश आजारी आहे, सगळीकडे गोंधळ आहे. पण अंधार पुरेसा झाल्याशिवाय तारे दिसत नाहीत.

इथं लोक टाळ्या वाजवतात आणि इथंच सामान्य वक्ता तासभर ताऱ्यांवर बोलत बसला असता. किंग काय करतो? खाली उतरतो. मुद्दा अन्यायाचा आहे, म्हणतो, मेम्फिस शहर आपल्या सफाई कामगारांशी प्रामाणिक वागत नाही हा मुद्दा आहे, नजर त्यावरून हटवू नका. पेपरवाल्यांनी काचा फुटल्याचं लिहिलं, १३०० माणसं संपावर आहेत हे लिहायला मात्र त्यांना क्वचितच सुचलं. कोर्टाच्या बंदीबद्दल म्हणतो की मी चीनमध्ये नाहीतर रशियात राहत असतो तर समजू शकलो असतो, पण मी कुठंतरी वाचलंय की सभा घ्यायचं स्वातंत्र्य आहे, कुठंतरी वाचलंय की बोलायचं स्वातंत्र्य आहे. हे "कुठंतरी वाचलंय" ऐका एकदा त्याच्या आवाजात, काय खवचट आहे! अमेरिकेला आमचं एवढंच सांगणं आहे म्हणतो, कागदावर जे लिहिलंयत तसं वागा.

मग पाद्र्यांची फिरकी. स्वर्गातल्या पांढऱ्या झग्यांबद्दल बोला हो, ठीक आहे, पण लोकांना इथं खाली घालायला कपडे आणि बूट पाहिजेत. तिकडच्या दुधा-मधाच्या नद्यांबद्दल बोला, पण देवानं इथल्या झोपडपट्टीची आणि तीन वेळचं जेवण न मिळणाऱ्या पोरांची काळजी करायला सांगितलंय. मला इथं दरवेळी गाडगेबाबा आठवतात, आधी गाव झाडायचं आणि मग कीर्तनाला उभं राहायचं.

आणि मग तो हिशोब. अमेरिकेतले काळे लोक एकेकटे गरीब आहेत, पण एकत्र मोजा, वर्षाचं उत्पन्न ३० अब्ज डॉलरहून जास्त होतं. ती ताकद वापरायची, वीट नको, बाटली नको, पेट्रोल बाँब नको, फक्त दुकानात जाऊन सांगायचं. कोका-कोला घेऊ नका, सीलटेस्टचं दूध घेऊ नका, वंडर ब्रेड घेऊ नका, कारण या कंपन्या नोकऱ्या देताना न्यायानं वागत नाहीत. ट्राय-स्टेट बँकेत खाती उघडा, ती आपल्या लोकांची आहे. आणि मग ते वाक्य, माझ्या मते अख्ख्या भाषणातलं सगळ्यात मोठं, जे कुठल्याच क्लिपमध्ये नसतं, की आत्तापर्यंत कळ फक्त कचरा उचलणाऱ्यांनी सोसली, आता ती कळ आपण वाटून घेऊ.

विचार करा त्या हॉलमध्ये बसलेल्याचा. संपाचा ५२ वा दिवस. पगार बंद, घरात बायको रोज विचारतेय, शेजारी म्हणतायत सोड आता. त्याला कुणी शूर म्हटलं तर त्याचं पोट भरत नाही. पण हा जगप्रसिद्ध माणूस शेजाऱ्याकडे वळून म्हणतोय की बाबा तू तुझा पाव बदल, याच्यासाठी. म्हणजे त्याचं दुखणं पहिल्यांदाच दुसऱ्याच्या किराणा यादीत गेलं. लोकांच्या डोळ्यात पाणी यायची सुरुवात इथं झाली असणार असा माझा अंदाज, टेपवर टाळ्या ऐकू येतात, पाणी ऐकू येत नाही.

मग आख्यान, बायबलमधली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट. जेरुसलेम ते जेरिको रस्त्यावर लुटलेला माणूस पडलाय, धर्मगुरू बघून निघून जातो, दुसरा निघून जातो, तिसरा, परक्या जातीचा, थांबतो. किंग म्हणतो मी आणि माझी बायको गाडी भाड्यानं घेऊन त्या रस्त्यानं गेलोय, वळणं वळणं आहेत, दबा धरायला एकदम सोयीचा रस्ता, तेव्हा कळलं की ते आधीचे दोघं वाईट नव्हते, घाबरले होते. हे मला फार आवडतं, कारण घाबरून घरी बसलेल्यांना तो शिवी देत नाही. त्यांचा प्रश्न होता, मी थांबलो तर माझं काय होईल? आणि थांबणाऱ्यानं प्रश्न उलटा केला, मी नाही थांबलो तर याचं काय होईल? आज रात्री तुमच्यापुढं तोच प्रश्न आहे, म्हणतो. मी सफाई कामगारांसाठी थांबलो तर माझ्या नोकरीचं काय, असा नव्हे. मी नाही थांबलो तर त्यांचं काय. आता शेवटच्या दोन मिनिटांकडं जाताना हा प्रश्न हातात ठेवा.

पुढं सुरीची गोष्ट. १९५८, न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या एका दुकानात तो पुस्तकावर सह्या करत बसला होता, एका मनोरुग्ण बाईनं छातीत पातं खुपसलं. टोक महाधमनीला टेकलेलं. पेपरात छापून आलं की नुसता शिंकला असता तरी मेला असता. बरं होताना पत्रं आली, राष्ट्राध्यक्षाचं आलं, गव्हर्नरचं आलं, त्यात काय होतं ते मी विसरलो, म्हणतो. एक पत्र विसरलो नाही. नववीतली मुलगी, न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्सची. तिनं लिहिलं होतं की फरक पडायला नको, पण सांगते, मी गोरी आहे, आणि तुम्ही शिंकला नाहीत याचा मला खूप आनंद झाला.

आणि मग तो ती शिंक पकडून पळतोच. शिंकलो असतो तर १९६० मध्ये हॉटेलच्या काउंटरवर ठाण मांडून बसलेली पोरं बघायला मिळाली नसती, शिंकलो असतो तर १९६२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीच्या लोकांनी पाठ ताठ केलेली बघायला मिळाली नसती, आणि पाठ वाकलेली असल्याशिवाय तुमच्या पाठीवर कुणी बसू शकत नाही. समोर बसलेल्यांच्या पाठी आठवा, आयुष्यभर गळके टब वाहिलेल्या! शिंकलो असतो तर बर्मिंगहॅमचं आंदोलन नाही, ते स्वप्न सांगणं नाही, सेल्माचा लढा नाही. आणि यादीचं शेवटचं टोक, शिंकलो असतो तर मेम्फिसचे लोक या संपकरी भावंडांच्या मागं उभे राहिलेले बघायला मिळाले नसते. बघा काय केलंय त्यानं, वॉशिंग्टन आणि सेल्माच्या रांगेत, अगदी त्याच ओळीत, कचऱ्याचा संप नेऊन बसवला.

आता या, त्या क्लिपवर. मोझेसची गोष्ट ठाऊक नसेल तर शेवट निम्माच कळतो. मोझेसनं गुलामांना इजिप्तमधून काढलं, चाळीस वर्षं वाळवंटातून चालवलं, आणि वचन दिलेली भूमी समोर आली तेव्हा देवानं त्याला डोंगरावर नेऊन नुसती दाखवली, आत जाऊ दिलं नाही, तो तिथंच मेला. हॉलमधल्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट पाळण्यापासून पाठ. त्यामुळे किंग जेव्हा म्हणतो की मला माहीत नाही पुढं काय होणार, कठीण दिवस येणारेत, पण आता मला त्याचं काही वाटत नाही कारण मी डोंगरमाथ्यावर जाऊन आलोय, तेव्हा पुढचं वाक्य लोकांना त्याच्या आधी कळलेलं असतं. ओरडण्याचा जो आवाज येतो तो त्याचाच. मला पण लांब आयुष्य आवडेल, म्हणतो, दीर्घायुष्याची पण एक जागा असते. हे वाक्य इतकं साधं आहे की मला तिथंच गलबलतं, डोंगरावर नाही. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळच्या एका जुन्या प्रार्थनागीताची ओळ म्हणतो, वळतो आणि जवळजवळ कोसळतो, सोबतचे लोक त्याला धरून खुर्चीत बसवतात.

भविष्य सांगितलं का?

मला नाही वाटत. एक तर डोंगरमाथ्याची प्रतिमा नवी नव्हती, १९५७ मध्ये माँटगोमेरीत बाँबहल्ल्यांच्या दिवसांत पण त्यानं ती वापरली होती, उद्या सकाळी मेलो तरी आनंदानं मरेन या अर्थाचं बोलला होता. बारा वर्षं त्याच्या मागं मरण फिरत होतं आणि त्या दिवशी तर विमानातच बाँबची धमकी. त्याला मरण दिसणं यात दैवी काही नाही, रोजच दिसायचं. दैवी म्हणायचंच असेल तर ते हे की त्यानं ती भीती त्या कामगारांच्या कामाला लावली. शोमरोनी माणसाचा प्रश्न आठवा, "माझं काय होईल". दुसऱ्यांना हा प्रश्न सोडा सांगणारा माणूस शेवटच्या दोन मिनिटांत स्वतः तो सोडून दाखवतो, जाहीर, सगळ्यांसमोर. क्लिपमध्ये आपल्याला हुतात्मा दिसतो. हॉलमधल्या माणसाला दिसला असेल तो जामीन राहिलेला माणूस, तुमची नोकरी पणाला आहे ना, हे घ्या, माझं पण ठेवलं.

आणि दुसऱ्या दिवसाचा किंग बघा, अजिबात गंभीर वगैरे नाही. किंगचा सहकारी अँड्र्यू यंग दिवसभर कोर्टात मोर्च्याच्या बंदीवर भांडून आला, परवानगी मिळतेय ही बातमी घेऊन, तर मोटेलच्या खोलीत किंग आणि मंडळींनी त्याला उशांनी बदडलं, चाळिशीला आलेले पाद्री लोक पोरांसारखे उशा फेकतायत. मग जेवायला जायचं म्हणून आवरून ३०६ नंबरच्या खोलीबाहेर गॅलरीत आला. संध्याकाळी ६ वाजून १ मिनिट. वय ३९.

शंभराहून जास्त शहरं पेटली. ८ एप्रिलला, जो मोर्चा त्यानं काढायचा होता तो त्याची बायको कोरेटानं पोरांना सोबत घेऊन काढला, हजारोंचा, आणि एक काच फुटली नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं कामगार खात्याचा माणूस वाटाघाटीला बसवला. १६ एप्रिलला, ६५ व्या दिवशी, संप मिटला. युनियनला मान्यता, आणि तासाला १५ सेंट वाढ, ती पण एकदम नाही, १० सेंट मे महिन्यापासून आणि ५ सेंट सप्टेंबरपासून. हो, पंधरा सेंट. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा चिडलो होतो, एवढ्यासाठी? पण कामगारांच्या मुलाखतींमध्ये पैशाचं नंतर येतं, आधी येतं ते हे की आता आम्हाला नावानं हाक मारायला लागले.

लॉरेन मोटेल १९९१ पासून म्युझियम आहे, ३०६ नंबरच्या खोलीबाहेर पुष्पचक्र लटकवलेलं असतं, लोक फोटो काढतात. कामगारांचं पुढं काय झालं हे मात्र फार कुणी विचारत नाही. त्यांना नगरपालिकेची पेन्शन लागू नव्हती, म्हातारपण सोशल सिक्युरिटीच्या (केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या) तुटपुंज्या रकमेवर, त्यामुळे संपातले काही जण निवृत्तच होऊ शकले नाहीत. २०१७ मध्ये शहरानं हयात राहिलेल्या मूठभर संपकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं, म्हणजे ४९ वर्षांनी. त्यातला एक जण तेव्हा ऐंशीच्या पुढं होता आणि अजून रात्रपाळीला कचऱ्याची गाडी चालवत होता.